नागपूरचा कूलर खर्डीत का फसतो?

प्रश्न : नागपूरला मावशीकडे मे महिन्यात कूलरसमोर बसलं की चादर ओढावीशी वाटते. तसाच कूलर आम्ही घेतला. जूनच्या तोंडावर तो लावला की उलट घाम वाढतो, गाद्या दमट होतात. कूलर बिघडलाय का?
— एक वाचक, खर्डी (ता. शहापूर)

उत्तर : कूलर ठणठणीत आहे, हवा वेगळी आहे. ओल्या जाळीतून हवा ओढली जाते तेव्हा पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता ती हवेतूनच घेते. एका लिटरला साधारण २,४०० किलोज्यूल. पण हवेत आधीच ओलावा भरलेला असेल, तर आणखी वाफ मावणार कुठे?

नागपूरची दुपार ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के धरा. हिशेबाने तिथली हवा पाण्याच्या जोरावर २३ अंशांपर्यंत उतरू शकते. घरगुती कूलर ती २८ च्या आसपास आणतो. तुमच्याकडे पावसाआधी ३५ अंश आणि ६५ टक्के असेल, तर तळच २९ च्या वर. हाती लागतात जेमतेम चार अंश, आणि खोलीत ओलावा वाढल्यामुळे अंगावरचा घाम सुकेनासा होतो. त्यातून खिडक्या बंद असतील तर विचारूच नका! कूलर खिडकीत बसवून समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते.

एसीचं तसं नाही. तो हवेतला ओलावा काढून नळीने बाहेर टाकतो, म्हणून दमट हवेतही चालतो. वीजबिल मात्र येतं.

खरं तर मी आधी छपराकडे बघेन. कारवीच्या कुडाचं, शेणामातीने सारवलेलं कौलारू घर तापलेली हवा कौलांच्या फटींतून सोडून देतं. पत्रा तापला की खालच्या माणसांवर आग ओकतो. उन्हाळ्याआधी पत्र्यावर चुन्याचा पांढरा हात मारा, जमल्यास खाली हवा खेळेल अशी पोकळी ठेवून छत करा.

कूलर विकू नका. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी तो उपयोगी पडेल. हवा दमट झाली की पंप बंद करून नुसता पंखा म्हणून वापरा, आणि टाकी कोरडी करायला विसरू नका. साठलेल्या पाण्यात डास होतात.