गरोदरपणातील रक्तदाब : पहिल्या तीन महिन्यांची नोंद

२८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे बिल चर्चेला होते. बाळंतपणापूर्वी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हा मांडली. १९२९ साली कायदा झाला. त्यातील ‘बाळंतपणापूर्वी’ हा भाग आपण पुरेसा मनावर घेतलेला नाही, असे आम्हांस वाटते.

घाटकोपर असो की मुलुंड, आपल्या कित्येक घरांत दिवस गेल्याचे पहिले तीन महिने कोणाला सांगत नाहीत. दृष्ट लागते म्हणे! १९५६ साली धम्म स्वीकारला, पण ही दृष्ट काही घराबाहेर गेली नाही. मग दवाखान्यात नाव घालायला पाचवा महिना उजाडतो आणि तिथेच घोटाळा होतो.

गरोदरपणात रक्तवाहिन्या सैलावतात व मधल्या महिन्यांत रक्तदाब थोडा उतरतो. जिला आधीपासून रक्तदाब आहे, तिचाही आकडा तेव्हा बरा दिसू शकतो. पुढे आठव्या महिन्यात तो १४०/९० वर गेला, तर हा विकार जुना की नवा, हे डॉक्टरांनी कशावरून ठरवावे? आम्ही बँकेतली माणसे. आरंभीची शिल्लकच लिहिलेली नसेल तर पुढचा हिशेब जुळत नाही, हे रोज पाहतो.

पहिल्या २० आठवड्यांत १४०/९० किंवा अधिक आढळल्यास तो बहुधा जुना रक्तदाब समजतात. अशा मातेला पुढे प्रिएक्लॅम्पसिया होण्याचा धोका अधिक असतो. त्यात रक्तदाब चढतो, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिने जातात, झटकेही येऊ शकतात. वारेतून बाळाला मिळणारे रक्त कमी पडले की मूल अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे किंवा दिवस भरण्याआधीच जन्मते. अमेरिकेत सुमारे २,४०० गरोदर स्त्रियांवर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सौम्य रक्तदाबावरही औषध दिल्याने गंभीर गुंतागुंत घटली. बाळांची वाढ खुंटली नाही. धोका असलेल्या स्त्रीला डॉक्टर अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा देतात, तीही शक्यतो १६ आठवड्यांच्या आत सुरू करावी लागते. पाचव्या महिन्यात येणारीची ही संधी हुकलेली असते. मनाने मात्र कोणतीच गोळी घेऊ अगर सोडू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत.

म्हणून पाळी चुकताच महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घालावे व रक्तदाबाचा आकडा कार्डावर लिहून घ्यावा. चौथ्या महिन्यापासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ ची. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बाळंतपणानंतरच्या दिवसांतही हे होऊ शकते आणि नामकरणाच्या गडबडीत आईकडे कोणाचे लक्ष नसते. जिला गरोदरपणात रक्तदाब झाला, तिने पुढेही दरवर्षी तो मोजून घ्यावा. हृदयविकार व पक्षाघाताचा धोका तिला इतरांहून अधिक असतो.