ठिबकच्या पॅनेलवर भोंगा कशाला लावावा?

बोर-धाम पट्ट्यातील विहिरींवर ठिबकसोबत पॅनेलही आले. पण ऊठसूट भोंगा वाजला की आपण तो बंदच करतो, अन् कोरडा पंप चालून मोटार जळते. १९९४ साली वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या तेल कारखान्यात स्फोटापूर्वीच्या ११ मिनिटांत २७५ इशारे आले. माणसांना ते आवरेनात. म्हणून आम्ही सांगतो, लगेच हात लावायच्या कामालाच भोंगा द्या, बाकीला नुसता दिवा.

विहिरीचे पाणी पंपापर्यंत उतरण्याआधी भोंगा. त्याखाली मोटार आपोआप बंद. पाण्याच्या हेलकाव्याने भोंगा वाजू नये म्हणून काही सेकंदांचा टायमर ठेवा. फिल्टरच्या आधीच्या-नंतरच्या दाबात अर्ध्या किलोचा फरक दिसला की फिल्टर धुवा. कोणत्या भोंग्याला काय करायचे, ते पॅनेलच्या दारावर लिहून चिकटवा. रात्री सालदारालाही समजले पाहिजे.