शरणपूरच्या मुलांच्या बापांचीं नांवें

मागील सत्रांत आपल्या वाङ्मयमंडळाच्या सभेंत नववीच्या एका विद्यार्थ्यानें निबंध वाचला. विषय होता, नासिकजवळील शरणपूर येथें वाढलेल्या आफ्रिकन मुलांची वंशावळ. भिंतीवर त्यानें हातानें काढलेला तक्ता टांगला होता. निबंध संपतांच पुढच्या बांकावरील एका लहान मुलानें विचारलें, "जेकब वेनराइटच्या वडिलांचें नांव काय?" वाचणारानें कागद चाळले आणि म्हटलें, "तें मला कोठें सांपडलें नाहीं." कांहीं मुलें हंसलीं. मला मात्र वाटलें कीं, सबंध सभेंत ह्याहून चांगला प्रश्न कोणीं विचारला नाहीं.

सिद्दी म्हटलें कीं, आपणांस जंजिरा आठवतो. १६८९ सालीं सिद्दी याकूतखानानें आपलें माझगांव घेतलें, हेंही कोणीतरी सांगतो. परंतु तो सत्ताधारी सिद्दी. ह्याच मुंबई बंदरांत एकोणिसाव्या शतकांत निराळे आफ्रिकन लोक उतरले. अरबी समुद्रांत इंग्रजांचीं लढाऊ जहाजें गुलामांचीं गलबतें पकडीत, आणि सुटलेल्यांपैकीं कांहींना येथें आणीत. त्यांत मुलें पुष्कळ असत. १८४३ च्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत गुलामगिरीचा आधार काढून घेतला होता; पण मोकळ्या झालेल्या पोरक्या मुलाला ठेवावयाचें कोठें? कांहीं मुलें रेव्हरंड प्राइस ह्यांनीं १८५४ सालीं वसविलेल्या शरणपुरास गेलीं. तेथें त्यांस लिहिणें, वाचणें आणि कारागिरी शिकविली गेली.

वंशावळ शोधणाराची अडचण येथेंच सुरू होते. पुढें चालत जाणें सोपें आहे. १८७२ सालीं शरणपूरचे कांहीं तरुण डॉ. लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मदतीस आफ्रिकेंत गेले. त्यांत जेकब होता. १ मे १८७३ रोजीं डॉक्टरसाहेब चितांबोच्या गांवीं वारले, तेव्हां अंत्यविधीची प्रार्थना जेकबनेंच वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला. सहकाऱ्यांनीं तें शव शेंकडों मैल वाहून समुद्रकांठीं आणिलें. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत दफन झालें, त्या वेळीं जेकब तेथें हजर होता. १८७५ सालीं मोंबासाजवळ फ्रिअर टाउन वसलें, तेथें नासिकचे अनेकजण गेले. त्या किनाऱ्यावर त्यांस 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. हें सारें लिहिलेलें आहे.

मागें जावें तर वाट तुटते. आपल्या नांवांत बापाचें नांव मधोमध बसलेलें असतें. 'वेनराइट' हें नांव जेकबच्या बापाचें नव्हे. माझ्या आजोबांचेंही नांव बाप्तिस्म्याच्या वहींत बदललें. पण लिहिणारानें शेजारीं त्यांच्या बापाचें व गांवाचें नांव टिपून ठेविलें. त्या एका ओळीच्या आधारावर मी आमच्या मूळ गांवीं जाऊन आलों. ज्यांनीं ह्या मुलांना बेडींतून सोडविलें, त्यांचे उपकार थोर आहेत. तरी जेथें नवें नांव लिहिलें तेथें जुनें लिहावयास अर्धी ओळ पुरली असती, असें म्हणावेंसें वाटतें.

क्वचित् वाट जुळतेही. मॅथ्यू वेलिंग्टन हा जेकबचाच सोबती. तो मोंबासा येथें १९३५ पर्यंत जगला, म्हणून त्याचें याओ लोकांतील मूळ नांव चेंग्विंबे हें आज आपणांस ठाऊक आहे. विकातानीची गोष्ट तर याहून निराळी. लिव्हिंग्स्टन ह्यांनीं १८६४ च्या जून महिन्यांत आपल्या लहानशा आगबोटींतून त्याला व चुमाला मुंबईस आणिलें, आणि डॉ. विल्सन ह्यांच्या शाळेंत ठेविलें. १८६६ सालीं दोघे त्यांच्याबरोबर परत गेले. न्यासा सरोवराच्या बाजूस विकातानीला आपले नातलग भेटले, आणि तो तेथेंच राहिला. चुमा पुढें चालत गेला. कोणत्याही वहीवांचून जुळलेली अशी वंशावळ माझ्या पाहण्यांत दुसरी नाहीं.

सभेच्या दुसऱ्या दिवशीं तो विद्यार्थी तक्ता घेऊन माझ्याकडे आला. आदल्या दिवशीं त्यांत जेकबचें नांव सर्वांच्या वर होतें. "सर, मीं तो नवा काढला आहे," तो म्हणाला. आतां जेकब खालीं होता, आणि वर दोन रिकामे चौकोन होते. तो तक्ता आपल्या वाचनालयांत लाविला आहे.