चाकणचा कोट

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे तीस किलोमीटर अंतरावर चाकण हे गाव लागते. एके काळी हे गाव कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध होते, व आजही तो बाजार भरतो. परंतु अलीकडे चाकणचे नाव निघाले की लोकांच्या डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात. पिंपरी-चिंचवडपासून सुरू झालेली कारखान्यांची ओळ भोसरी, मोशी ओलांडून चाकणपर्यंत आली आणि तेथे मोटारी, दुचाकी व अवजड यंत्रे तयार होऊ लागली. त्यांत कोरिया देशातील उद्योगही आहेत. जमीन खोदणारी प्रचंड यंत्रे बनविणारा एक कोरियन कारखाना चाकणच्याच औद्योगिक क्षेत्रात उभा राहिला. तळेगावचा मोटारींचा मोठा कारखानाही २०२३ साली झालेल्या करारानुसार एका कोरियन कंपनीकडे गेला.

या सगळ्या गजबजाटात, गावाच्या वस्तीला अगदी लागून, एका जुन्या कोटाचे अवशेष उभे आहेत. काही बुरूज, तटाचे तुटके भाग आणि बुजत चाललेला खंदक एवढेच आता दिसते. हाच संग्रामदुर्ग होय. जमीन खोदणे हा आज चाकणचा व्यवसाय झाला आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी याच जमिनीखाली जे खोदकाम झाले, त्याने या कोटाचे भवितव्य ठरविले.

महाराष्ट्रातील किल्ले म्हटले की आपल्याला राजगड, तोरणा, पन्हाळा असे उंच गड आठवतात. तेथे डोंगर हाच पहिला तट असतो. चाकणचा कोट तसा नव्हे. तो सपाट जमिनीवर बांधलेला भुईकोट आहे. अशा कोटाला कड्याचा आधार नसतो. त्याचे रक्षण भोवतालचा खोल खंदक, जाड तट, कोपऱ्यांवरचे बुरूज आणि एकामागून एक येणारे दरवाजे यांवर अवलंबून असते. शत्रूच्या तोफा भुईकोटाच्या अगदी जवळ आणता येतात, आणि त्याच्या पायाखाली भुयारही खणता येते. मग असा कोट बांधावा तरी कशाला? याचे उत्तर रस्त्यात आहे. पुणे, जुन्नर आणि अहमदनगर यांच्या दरम्यान सैन्याची व रसदेची जी ये-जा होई, तिच्या मार्गावर चाकण होते. ज्याच्या हाती चाकण, त्याच्या हाती ती वाट.

१६६० साली ही गोष्ट मोगल सुभेदार शाएस्ताखान याच्या ध्यानात आली. औरंगजेबाचा हा मामा मोठी फौज घेऊन अहमदनगरहून निघाला आणि मे महिन्यात पुण्यास येऊन राहिला. शिवाजी महाराज त्या वेळी पुण्यात नव्हते. मार्च महिन्यापासून ते पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. म्हणजे स्वराज्यावर एकाच वेळी दोन बाजूंनी घाला आला होता. दक्षिणेकडून विजापूरचा, उत्तरेकडून दिल्लीचा. चाकणच्या किल्लेदाराला धनी मदत पाठवील ही आशा धरण्यास फारशी जागा उरली नव्हती.

हा किल्लेदार म्हणजे फिरंगोजी नरसाळा. शिवाजी महाराजांच्या उदयाच्या आधीपासून तो चाकणवर होता. पुढे त्याने महाराजांचे स्वामित्व मान्य केले आणि महाराजांनीही त्याला त्याच जागी कायम ठेवले. जुन्या माणसावर विश्वास टाकण्याचा हा निर्णय किती योग्य होता, ते आता दिसून येणार होते.

२१ जूनच्या सुमारास खानाची फौज चाकणपुढे येऊन थडकली. कोटाच्या चारी बाजूंना मोर्चे लागले. आसपासच्या मोगली ठाण्यांतून तोफा आणवून त्या उंचवट्यांवर चढविण्यात आल्या. परंतु पावसाळा सुरू झाला होता. मावळाकडून येणाऱ्या पावसाच्या सरी चाकणच्या काळ्या जमिनीवर कोसळू लागल्या. मोर्च्यांत पाणी साचले, दारू भिजू लागली, तोफांचे गाडे चिखलात रुतू लागले. आतून फिरंगोजीची माणसे बंदुका व बाण यांचा मारा करून वेढा घालणाऱ्यांना सुखाने बसू देत नव्हती. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. एवढ्या मोठ्या फौजेपुढे एक लहानसा भुईकोट इतके दिवस उभा राहील असे खानाला वाटले नसावे.

तोफांनी काम होईना, तेव्हा खानाने भुयाराचा मार्ग धरला. आपल्या मोर्च्यापासून ईशान्येकडच्या बुरुजाच्या दिशेने त्याने जमिनीखालून सुरुंग खणविला. पावसाळ्यात, ओल्या मातीतून, वर शत्रू जागा असता असे काम करणे सोपे नव्हे. ते पूर्ण होण्यास बरेच दिवस लागले. अखेर १४ ऑगस्ट रोजी दुपारी बुरुजाखाली ठासलेल्या दारूला बत्ती दिली गेली. बुरूज, त्यावरचे शिपाई आणि दगडमाती एकदमच आकाशात उडाली. ते खिंडार पाहून मोगल पुढे धावले. परंतु आत त्यांना दुसरा अडथळा दिसला. बुरुजाच्या मागे कोटातील लोकांनी मातीचा एक बांध घालून ठेवला होता. बुरूज जाण्याची शक्यता त्यांनी आधीच गृहीत धरली होती! त्या बांधाआडून बाण, बंदुका, हातगोळे आणि दगड यांचा असा वर्षाव झाला की त्या दिवशी हल्ला तेथेच थांबला. हल्ला करणाऱ्यांनी ती रात्र त्याच जागी काढली. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चढून आले आणि कोट त्यांच्या हाती लागला. फिरंगोजी उरलेल्या लोकांसह आतल्या बाजूस हटला. शेवटी मोगलांकडील राव भावसिंह हाडा याच्या मध्यस्थीने त्याने किल्ला खाली केला. मोगलांचे २६८ लोक मारले गेले आणि सहाशे जखमी झाले. वेढा सुमारे छपन्न दिवस चालला होता.

खानाने फिरंगोजीला आपल्या चाकरीत येण्याविषयी विचारले. फिरंगोजीने ते नाकारले. खानानेही त्याला अडविले नाही; तो महाराजांकडे परत गेला. किल्ला गमावून आलेल्या किल्लेदाराचे काय होते, याची भीती त्याच्या मनात असली तर नवल नाही. परंतु महाराजांनी त्याचा गौरव केला व पुढे भूपाळगडाचा अधिकार त्याच्याकडे दिला. यात केवळ औदार्य नव्हते. महाराज स्वतः १३ जुलैच्या रात्री पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले होते, आणि सप्टेंबर महिन्यात पन्हाळाही विजापूरकरांना देऊन टाकावा लागला. किल्ला कधी सोडावा लागतो, आणि तो सोडताना त्याची किंमत किती वसूल करता येते, हे त्यांना ठाऊक होते. चाकणने ही किंमत वसूल केली होती. मोगलांची फौज जवळजवळ दोन महिने एका भुईकोटापुढे चिखलात गुंतून पडली. एवढा वेळ सपाटीवरच्या कोटाला, तर सह्याद्रीतील गडांना किती लागेल, हा हिशेब करणे खानाला अवघड नव्हते. तो पुण्यास परतला आणि लाल महालात राहिला. १६६३ च्या ५ एप्रिलच्या रात्री तेथे काय घडले, ते सर्वांना माहीत आहे.

ज्या कोरियातील उद्योग आज चाकणला आले आहेत, त्या देशातही अशाच एका वेढ्याची आठवण जपलेली आहे. तो चाकणच्या वेढ्यापूर्वी चोवीस वर्षांचा. कोरियाची राजधानी सेऊल हिच्या आग्नेयेस डोंगरांच्या माथ्यावर नामहानसानसोंग नावाचा किल्ला आहे. नावातील ‘सानसोंग’ याचा अर्थच डोंगरी किल्ला असा होतो. त्याचा तट सुमारे बारा किलोमीटर लांबीचा असून तो डोंगराच्या धारेवरून वळत जातो. राजगडाच्या माच्या पाहिलेल्या माणसाला तो परका वाटणार नाही. सतराव्या शतकात राजा इंजो याने तो नव्याने बांधून घेतला. या बांधकामात बौद्ध भिक्षूंचा मोठा वाटा होता.

१६३६ च्या हिवाळ्यात उत्तरेकडील मांचू लोकांचे घोडदळ गोठलेल्या यालू नदीवरून कोरियात उतरले. चाकणला पाऊस कोटाच्या बाजूने लढला. कोरियात थंडी शत्रूच्या बाजूने लढली. राजाला गांगह्वा बेटावर आश्रय घ्यायचा होता, पण ती वाट बंद झाली. तेव्हा तो सुमारे तेरा हजार सैनिकांसह नामहानसानसोंगमध्ये शिरला. आत सुमारे पन्नास दिवस पुरेल इतकेच धान्य होते. मदतीस निघालेल्या तुकड्या वाटेतच पराभूत झाल्या.

वेढ्याच्या काळात दरबारात दोन पक्ष पडले. किम सांग-होन हा मंत्री म्हणे की, मरण आले तरी शरण जाऊ नये. चोई म्योंग-गिल याचे मत असे की, राज्य व प्रजा वाचवावयाची तर तह करणे भाग आहे. चोईने तहाचे पत्र लिहिले, तेव्हा किमने ते फाडून टाकले. चोईने खाली वाकून तुकडे गोळा केले, जोडले, आणि पत्र फाडणारा जसा हवा तसा ते जोडणाराही हवा, अशा अर्थाचे उद्गार काढले. दोघांपैकी एकालाही भ्याड म्हणता येत नाही. पुढे दोघांनाही मांचूंच्या राजधानीत बंदिवास भोगावा लागला.

गांगह्वा बेट पडून राजकुटुंब शत्रूच्या हाती सापडल्यावर राजाचा निश्चय ढळला. सत्तेचाळीस दिवसांनंतर, १६३७ च्या फेब्रुवारीत, तो किल्ल्यातून खाली उतरला आणि नदीकाठी मांचू सम्राटापुढे तीन वेळा गुडघे टेकून त्याने नऊ वेळा मस्तक जमिनीला लावले. त्याचे पुत्र ओलीस म्हणून नेण्यात आले. त्या प्रसंगाचा एक शिलास्तंभ १६३९ साली विजेत्यांच्या आज्ञेने उभारला गेला. तो आजही सेऊलमध्ये आहे. अपमानाचा दगड म्हणून तो मधल्या काळात हलविला गेला होता; आज तो पुन्हा उभा आहे व लोक तो पाहतात. चाकण आणि नामहानसानसोंग या दोन्ही ठिकाणी दरवाजा अखेर उघडावाच लागला. फरक एवढाच की चाकणमध्ये राजा नव्हता. कोट पडला तरी राज्य मोकळे राहिले. राजाच जेव्हा कोटात कोंडला जातो, तेव्हा तट पडण्याची वाट पाहण्याचीही गरज शत्रूला उरत नाही.

कोरियात आता दगडी तटांचे युद्ध राहिलेले नाही, परंतु वेढ्याची भीती गेलेली नाही. २५ जून १९५० रोजी उत्तर व दक्षिण कोरिया यांत युद्ध पेटले. भारताने तेथे लढाऊ सैन्य न पाठविता लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली एक वैद्यकीय पथक पाठविले. २७ जुलै १९५३ रोजी युद्ध थांबले. तह मात्र झाला नाही. ज्या युद्धकैद्यांना मायदेशी परत जावयाचे नव्हते, त्यांचे रक्षण करण्याचे अवघड काम भारतीय सैन्याकडे आले. सुमारे तेवीस हजार कैद्यांची ही जबाबदारी सांभाळणारे मेजर जनरल शंकरराव थोरात हे कोल्हापूरकडचे. दोन्ही सैन्यांच्या मधल्या पट्ट्यात भारतीय छावणी पडली होती. तिला हिंदनगर असे नाव होते. १९५३ च्या सप्टेंबरात संतापलेल्या कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला धरून ठेवले. तेव्हा थोरात थोड्या सोबत्यांसह स्वतः त्यांच्या तारेच्या कुंपणाआत गेले, आणि गोळी न झाडता अधिकाऱ्याला सोडवून घेऊन आले. वेढ्यात सापडलेल्या माणसाने डोके शांत ठेवले तर काय साधते, याचे हे एक उदाहरण होय.

तो मधला पट्टा अजून आहे. त्याची लांबी सुमारे २५० किलोमीटर व रुंदी ४ किलोमीटर. तारा, सुरुंग आणि पहाऱ्याचे मनोरे हेच त्याचे तट व बुरूज. नव्वद लाखांहून अधिक वस्तीचे सेऊल शहर त्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, म्हणजे पुण्यापासून चाकण आहे त्याहून थोडेसेच दूर आहे. उत्तरेच्या तोफा त्या पट्ट्यामागे सज्ज असतात, आणि २००६ सालापासून उत्तर कोरियाने अणुस्फोटांच्याही चाचण्या केल्या आहेत. दक्षिणेने १९५३ सालीच अमेरिकेशी संरक्षणाचा करार केला. फिरंगोजीला ज्या मदतीची आशा धरता आली नाही, तिची तजवीज दक्षिण कोरियाने आधीच करून ठेवली. सीमेवरच्या फौजेने लढून वेळ मिळवावयाचा, आणि त्या वेळात मागून बळ यावयाचे, हाच तेथील संरक्षणाचा विचार आहे. मातीचा तो आतला बांध चाकणच्या लोकांनी याच विचाराने घातला होता.

नामहानसानसोंगचा समावेश २०१४ साली जागतिक वारशाच्या यादीत झाला. २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्लेही त्या यादीत आले. चाकणच्या जवळचे शिवनेरी व लोहगड त्यांत आहेत. संग्रामदुर्ग त्यांत नाही. त्याच्या खंदकाच्या कडेने आज गावातील मुले शाळेला जातात, आणि पलीकडच्या रस्त्यावरून कारखान्यांच्या मालमोटारी रात्रंदिवस धावत असतात.