आधी 'का', मग 'काय'

सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन हे नाव भारी वाटतं, पण कल्पना सोपी आहे. एकाच जातीची अनेक सॉफ्टवेअर्स हवी असतील तर सामाईक भाग एकदाच बनवायचा आणि फरकाच्या जागा आधीच ठरवून ठेवायच्या. या फरकांचा तक्ता म्हणजे फीचर मॉडेल. ते १९९० मध्ये क्यो कांग आणि सहकाऱ्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये मांडलं.

मेसचंच उदाहरण घेते. समजा, चार हॉस्टेल्ससाठी मेस-बिलाचं सॉफ्टवेअर करायचंय. फीचर मॉडेल सांगेल: बिल काढणे सक्तीचे, एसएमएस ऐच्छिक, हजेरी वही, कार्ड किंवा बोटाचा ठसा यांपैकी एका प्रकारे. पण कोणत्या हॉस्टेलने काय घ्यायचं, आणि का? तिथे तक्ता गप्प.

इथे गोल मॉडेल कामाला येतं. सगळ्यात वर उद्देश लिहायचा: 'जेवलेल्या दिवसांचंच बिल लागावं.' मग विचारायचं, हे साधेल कसं? हजेरी, खाडा आणि आकारणी, तिन्ही हवीत. ही 'आणि'ची फांदी. यातून सक्तीची फीचर्स मिळतात. हजेरीचे तीन मार्ग ही 'किंवा'ची फांदी. फरकाची जागा बहुधा इथेच सापडते.

शेजारी सॉफ्टगोल्स लिहायचे, म्हणजे ज्यांचं उत्तर ठाम हो-नाही असं देता येत नाही अशा अपेक्षा: खर्च कमी, रांग लहान, प्रॉक्सी नको. प्रत्येक पर्यायापासून त्यांच्याकडे अधिक-उण्याचे बाण काढायचे. वही स्वस्त, पण प्रॉक्सी सोपी. कार्डाने रांग भरभर सरकते, पण कार्ड मित्राच्या हातात देता येतं. ठशाने प्रॉक्सी अवघड होते, पण मशिनचा खर्च येतो. साठ मुलींच्या हॉस्टेलला, जिथे मेसच्या मावशी सगळ्यांना ओळखतात, वही पुरेल. पाचशेंच्या हॉस्टेलला नाही.

मात्र उद्देश आणि फीचर यांची जोडी एकास एक नसते. वही निवडली तर हजेरी माणूस घेतो. सॉफ्टवेअरला फक्त क्लार्कसाठी एंट्रीचा स्क्रीन लागतो.

मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते वेगळंच. 'खाडा एक दिवस आधी कळवा' हा नियम भाजी-किराण्याच्या खरेदीसाठी असतो. बॅच पास आउट होते, कोड राहतो, कारण विसरलं जातं. मग कुणी तो नियम बदलतं आणि बिल कुणाचं तरी चुकतं. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये फीचर्सच्या यादीआधी उद्देशांची आकृती जरूर काढा.