मोटारसायकलचा सायलेन्सर आणि त्याचे नट-बोल्ट : एक अभ्यास

महोत्सवी स्मरणिकेत थोरामोठ्यांच्या लेखांच्या पंक्तीला नट-बोल्टावरचा लेख पाहून वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या बेज्जूरसारख्या गावी बैलगाडीची बरीचशी कामे आज मोटारसायकल करते, हे कोणी नाकारणार नाही. कापसाचे बियाणे आणायचे असो, कागजनगरला आगगाडी गाठायची असो, की आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असो, घराचा भार हिच्यावरच. सबब तिच्या एका उपेक्षित अंगाचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम आमच्याच चुकीची हकिकत सांगतो. २०२३ सालच्या मार्च महिन्यात आमच्या गाडीतून आठ-दहा दिवस खडखड ऐकू येत होती. परीक्षा आटोपू द्या, मग पाहू, असे म्हणून आम्ही तिकडे काणाडोळा केला. एके संध्याकाळी धाकट्या मुलीला मागे बसवून येत असता गाडी खड्ड्यात आदळली. सायलेन्सरचा मागचा बोल्ट निखळला आणि तापलेली नळी लोंबकळू लागली. आम्ही गाडी सावरीत असता मुलीने पाय खाली टाकला व तिची पोटरी नळीला टेकली. तो डाग आजही आहे. मिस्त्री चाचा म्हणाले, "गुरुजी, बोल्ट आज पडला, पण सैल केव्हाचा झाला होता. गाडी सांगत होती, तुम्ही ऐकलं नाही." वर्गात मुलांना रोज 'लक्ष द्या' म्हणणाऱ्या आम्हांला याहून मोठा धडा कोणता?

रचना

इंजिनात जळालेला वायू ज्या वाकड्या नळीतून बाहेर येतो तिला आपल्याकडे बेंड पाइप म्हणतात. ती इंजिनाच्या हेडला बहुधा दोन स्टड व दोन नट यांनी आवळलेली असते, आणि सांध्यात एक गोल पॅकिंग असते. पुढे सायलेन्सर असतो. तो चेसीला मागील बाजूस एका-दोन बोल्टांनी टांगलेला असतो. या बोल्टाभोवती अनेक गाड्यांत रबरी बुश व त्याच्या आत लोखंडी नळकांडे असते. रबर हादरे गिळते व नळकांडे रबराला चेचू देत नाही. पाय भाजू नये म्हणून वरून पत्र्याचा गार्ड स्क्रूने बसविलेला असतो.

सैल का होतात?

याची कारणे तीन. पहिले कारण हादरे. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर तासाला ३ लाख फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्याचा थरकाप त्या बोल्टापर्यंत पोचतो. दुसरे कारण उष्णता. एक मीटर लांबीची लोखंडी नळी ३०० अंश सेल्सिअसने तापली की सुमारे साडेतीन मिलिमीटर लांबते व निवली की आखडते. ही ओढाताण रोजचीच. तिसरे कारण गंज. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. घरापासून दुकानापर्यंतच गाडी फिरविली, तर सायलेन्सर पुरता तापत नाही, पाणी आतच राहते आणि पत्रा आतून कुजतो.

बोल्टाची पकड त्याच्या ताणावर असते. तो ताण कमी झाला की जोडलेले भाग आडवे सरकू लागतात, आणि या आडव्या सरकण्यानेच नट आपोआप उलटा फिरतो, हे युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ साली प्रयोगाने दाखविले. त्याच प्रकारच्या चाचण्यांत साध्या स्प्रिंग वॉशरचा आधार फार तोकडा ठरला आहे. म्हणून खरा उपाय एकच : नट योग्य तेवढा आवळणे व वेळोवेळी तपासणे.

एक बोल्ट गेल्याने काय होते?

समजा, सायलेन्सर ४ किलोचा असून त्याचा भारमध्य इंजिनापासून ६० सेंटिमीटर मागे आहे, आणि पुढच्या सांध्याची पकड ६ सेंटिमीटरची आहे. मागचा बोल्ट गेला, तर तरफेच्या नियमाने पुढच्या स्टडांवर दहापट, म्हणजे ४० किलोची ओढ पडते. खड्ड्यात ती आणखी वाढते. मग स्टड तुटतो, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अडकलेला तुकडा काढणे हे खर्चाचे काम होऊन बसते. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर नळीवर असतो. त्याच्या अलीकडे सांधा गळू लागला की बाहेरची हवा आत शिरून त्याचा हिशेब चुकतो व पेट्रोल वाया जाते. शिवाय लोंबकळणारा तप्त सायलेन्सर उन्हाळ्यात सागाच्या वाळल्या पाल्याला लागला, तर आगीचे भय आहेच. वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२० वा नियमही सांगतो.

तपासणी व दुरुस्ती

आठवड्यातून एकदा, गाडी पूर्ण थंड असताना, सायलेन्सर हाताने हलवून पाहावा. खडखड, हेडच्या सांध्याजवळ काजळीचा डाग, किंवा गाडी सोडताना फटफट असा आवाज, ही बिघाडाची लक्षणे होत. बंद खोलीत गाडी चालू ठेवून कधीही तपासू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.

सायलेन्सर पुन्हा बसविताना नवे पॅकिंग घालावे. सर्व नट-बोल्ट प्रथम बोटांनीच लावावेत. नंतर हेडचे दोन्ही नट आळीपाळीने थोडे थोडे आवळावेत व शेवटी मागचा बोल्ट. मागचा आधी आवळल्यास नळी पिळलेली राहते. बुशातील नळकांडे हरवले असल्यास नवे आणावे. नायलॉनचे कडे असलेला नट हेडजवळ लावू नये, कारण उष्णतेने नायलॉन मऊ पडते. आटे गेले असतील, तर जोर लावू नये, मिस्त्रीकडे जावे. ब्रॅकेटला तडा गेल्यास सायलेन्सर काढूनच वेल्डिंग करावे, म्हणजे गाडीतील विजेच्या भागांना धोका राहत नाही. वाटेत बोल्ट पडलाच, तर गाडी निवू द्यावी, लोखंडी तारेने बांधावे आणि सावकाश घरी यावे. सुतळी वा प्लॅस्टिक जळून जाते.

भाजल्यास

पाय ताबडतोब वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कापड सैल गुंडाळून डॉक्टरांना दाखवावे. आमच्या मुलीला आम्ही घाबरून प्रथम टूथपेस्टच लावली होती, हेही कबूल केले पाहिजे.

बोल्टाची किंमत चहाच्या दोन-चार पेल्यांइतकी, आणि तपासणीला लागतात पाच मिनिटे. आमच्या घरी आता शुक्रवारची सकाळ त्यासाठी ठरलेली आहे. पाना आमच्या हाती असतो, पण सायलेन्सर हलवून "घट्ट आहे" असे सांगण्याचे काम आमच्या मुलीचे. तिने होकार दिल्यावाचून गाडी अंगणाबाहेर जात नाही.