दोन भाडेकरूंच्या मधले दहा दिवस

वाचण्याआधी

घरातली एखादी वस्तू बिघडली की तुम्ही मराठीत काय म्हणता? "ते ब्रोकन झालंय" असं म्हणून काम भागतं, खरं आहे. पण मराठीत प्रत्येक बिघाडाला स्वतःचं क्रियापद असतं. नळ गळतो. मोरी तुंबते. दार कुरकुरतं. बिजागरी गंजते. भिंतीला ओल येते. लाकूड फुगतं. रंगाचे पोपडे निघतात. ही वाक्यं एकदा मोठ्यानं वाचा आणि मग पाठाकडे वळा.

पाठ

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये तुमच्या मावशीचं एक छोटं घर आहे. १९६० च्या सुमारास बांधलेलं. मावशी स्वतः दुसरीकडे राहते आणि हे घर भाड्यानं देते. चार वर्षं तिथे राहिलेलं कुटुंब ३१ ऑगस्टला घर सोडून गेलं. नवं कुटुंब ११ सप्टेंबरला येणार आहे. मध्ये फक्त दहा दिवस. घर रिकामं असलं की भाडं येत नाही, पण बँकेचा हप्ता आणि घराचा कर काही थांबत नाही. म्हणून मावशीचा फोन येतो:

"लेबर डेची सुट्टी आहे ना तुला? ये चार दिवस. डागडुजी करू. आणि इथे असेपर्यंत माझ्याशी मराठीतच बोलायचं हं!"

डागडुजी म्हणजे घराची लहानमोठी दुरुस्ती. शब्द थोडा जुना आहे, पण या कामाला याच्याइतका नेमका शब्द नाही.

तुम्ही पोचता तेव्हा मावशीच्या हातात रंगाचा ब्रश असतो. तो आधी खाली ठेवायला सांगा. पहिलं काम म्हणजे बघणं. कागद-पेन घ्या, फोन घ्या आणि खोलीखोलीतून फिरा. जे दिसेल त्याचा फोटो काढा. सामान हललं की घर वेगळंच दिसतं. कपाटामागची ओल दिसते, सोफ्याखालचा डाग दिसतो. सगळे नळ सोडून बघा, सगळे दिवे लावून बघा, खिडक्या उघडून बघा. सिंकखालचं कपाट उघडा आणि चक्क वास घ्या. ओलीचा वास डोळ्यांआधी नाकाला कळतो.

तुमची यादी अशी होते:

स्वयंपाकघर: सिंकखालचा पाइप गळतोय, कपाटाचा तळ फुगलाय. ओट्यावर गरम कढईचा गोल काळा डाग.
बैठकीची खोली: भिंतीत आठ-दहा खिळ्यांची भोकं, रंग फिका पडलाय.
मुलांची खोली: दाराला मोठं भोक. खिडकीच्या चौकटीच्या रंगाचे पोपडे निघालेत.
न्हाणीघर: नळ थेंब थेंब गळतो. मोरी तुंबते.

मुलांच्या खोलीच्या दारचौकटीवर शिसपेन्सिलीनं काढलेल्या बारीक आडव्या रेघाही आहेत. प्रत्येक रेघेपुढे तारीख. चार वर्षांत दोन मुलं किती वाढली, त्याची ही नोंद. मावशी त्या रेघांवरून बोट फिरवते आणि म्हणते, "हे काही यादीत नको लिहूस."

आता अवघड भाग. हा खर्च कोणी करायचा?

भाडेकरू घरात येतो तेव्हा अनामत रक्कम देतो. रोजच्या बोलण्यात आपण तिला डिपॉझिट म्हणतो. न्यू जर्सीच्या कायद्यात ती दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. मावशीच्या घराचं भाडं २,४०० डॉलर होतं, म्हणून तिनं ३,६०० डॉलर घेतले होते. भाडेकरू गेल्यावर ३० दिवसांच्या आत ते व्याजासकट परत करायचे असतात. काही पैसे कापले, तर कशासाठी किती कापले ते लिहून द्यावं लागतं. चुकीचे पैसे अडवून ठेवले आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर त्या रकमेच्या दुप्पट द्यायची वेळ येऊ शकते.

पैसे कापता येतात ते नुकसानीचे. झिजेचे नाही. या दोन शब्दांतला फरक नीट समजून घ्या. माणसं घरात नीट राहिली, तरी घर वापरानं हळूहळू जुनं होतं, ती झीज. रंग उन्हानं फिका पडतो, गालिचा चालून चालून पातळ होतो, नळाचं रबर झिजतं. नुकसान मात्र कोणाच्या तरी हातून, निष्काळजीपणानं किंवा मुद्दाम होतं. मराठीची क्रियापदं हा फरक छान दाखवतात. पुढच्या जोड्या बघा:

काच फुटली – त्यानं काच फोडली
पडदा फाटला – तिनं पडदा फाडला
कडी तुटली – त्यांनी कडी तोडली
रंग निघाला – आम्ही रंग काढला

डावीकडे कोणी काही केल्याचं दिसत नाही, गोष्ट आपोआप घडल्यासारखी वाटते. उजवीकडे करणारा समोर उभा राहतो. म्हणून भाडेकरू म्हणतो "कडी तुटली" आणि मालक म्हणतो "तुम्ही कडी तोडली"! दोघंही एकाच कडीबद्दल बोलत असतात.

आता यादी पुन्हा वाचा. फिका रंग आणि गळणारा नळ, ही झीज. चार वर्षांत खिळ्यांची आठ-दहा छोटी भोकं, तीही झीजच समजायला हवी. लोक भिंतीवर फोटो लावणारच. दाराचं भोक मात्र नुकसान, आणि ओट्यावरचा डागही. पण इथेही एक गोष्ट लक्षात घ्या. ओटा वीस वर्षांचा जुना आहे. भाडेकरूच्या पैशातून मावशीला नवाकोरा ओटा घेता येणार नाही. डागाच्या दुरुस्तीपुरते पैसे मागणं रास्त आहे.

राहिला सिंकखालचा फुगलेला तळ. मावशी लिहिते: "कपाट खराब केलं, ४०० डॉलर." तुम्ही विचारता, "मावशी, पाइप गळतोय हे त्यांनी तुला सांगितलं नव्हतं का?"

मावशी फोन काढते. मार्च महिन्यातला मेसेज आहे, सोबत फोटो. खाली मावशीचं उत्तर: "हो, बघते या आठवड्यात."

"मी तेव्हा पुण्याला होते रे," मावशी म्हणते. "मग ते राहूनच गेलं."

'राहून गेलं'! हे वाक्य तुम्ही तुमच्या घरीही ऐकलं असेल. किती सोयीचं आहे बघा: यात 'मी' कुठेच नाही. 'मी केलं नाही' म्हणायला जड जातं, 'राहून गेलं' पटकन म्हणता येतं. पण भाडेकरूनं वेळेवर कळवलं होतं आणि दुरुस्ती मालकानं करायची होती. त्यामुळे हा खर्च मावशीचा. ती थोडा वेळ गप्प बसते, मग ती ओळ खोडते. दाराचे १८० आणि डागाचे ९५, एवढेच कापायचे ठरतात.

आता काम. न्हाणीघरातला नळ तुम्हीच दुरुस्त करू शकता. जुन्या, दोन मुठींच्या नळात आत रबराची छोटी चकती असते. आपल्याकडे प्लंबर तिला वायसर म्हणतात. आधी खालचा कॉक फिरवून पाणी बंद करा (हे विसरलात तर आंघोळ होईल), मोरीच्या तोंडावर फडकं ठेवा म्हणजे स्क्रू आत पडणार नाही. पान्यानं नळ उघडा, झिजलेलं वायसर काढा, त्याच मापाचं नवं बसवा. भिंतीतली भोकं बुजवायला लांबी लागते. ही लांबी-रुंदीतली लांबी नव्हे. भेगा आणि भोकं भरायच्या मऊ लगद्यालाही मराठीत लांबीच म्हणतात. ती भरा, वाळू द्या.

वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासायची, असं कोणीही सांगेल. पण घर १९६० चं आहे, म्हणून इथे थांबा.

अमेरिकेत घरांच्या रंगात शिसं वापरायला १९७८ साली बंदी आली. त्याआधीच्या घरांत रंगाच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. शिसं हा विषारी धातू आहे. (शिसपेन्सिलीत शिसं नसतं बरं का, ग्रॅफाइट असतं. नाव तेवढं उरलंय.) असा रंग कोरडा घासला की बारीक धूळ उडते. ती खिडकीत आणि जमिनीवर बसते. लहान मुलं जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात. शिसं थोडं जरी पोटात गेलं, तरी वाढत्या मेंदूला इजा होते, आणि सहा वर्षांखालच्या मुलांना धोका सर्वांत जास्त. भिंतीच्या भोकांवर तुम्ही घासायचा कागद ठेवता आणि ओल्या फडक्यानं लांबी सपाट करता. पण खिडकीच्या पोपड्यांचं काय?

"मी खरवडून टाकते ना," मावशी म्हणते. "दोन तासांचं काम!"

नव्या कुटुंबात दोन वर्षांची मुलगी आहे. ती याच खोलीत झोपणार आहे.

भाड्याच्या अशा जुन्या घरात खिडक्या बदलायच्या असतील, किंवा एका खोलीत सहा चौरस फुटांपेक्षा जास्त रंग खरवडायचा असेल, तर ते काम प्रशिक्षण घेतलेल्या, प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं. घर स्वतःचं असलं तरी मावशीला हा नियम लागू आहे. शिवाय न्यू जर्सीत २०२२ पासून १९७८ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी करून घ्यावी लागते, आणि भाडेकरू बदलतो ती या तपासणीची एक वेळ. तुम्ही फोन लावता. तपासणीस लवकर मिळतो, पण कारागीर १० तारखेलाच मोकळा आहे. म्हणजे घर ११ ला तयार होणार नाही.

मावशी हिशेब करते. तीन दिवसांचं भाडं बुडणार, वर कारागिराचा खर्च. मग ती नव्या भाडेकरूंना फोन करून सांगते, "खिडक्यांचं काम बाकी आहे. घर १४ तारखेला देते. त्या तीन दिवसांचं भाडं अर्थातच घेणार नाही." या वेळी ती 'काम राहून गेलं' म्हणत नाही.

बाकीची कामं भराभर होतात. धुळीचं आणि पाण्याचं काम आधी, रंग नंतर, साफसफाई सगळ्यात शेवटी. दाराचं कुलूप बदलायचं, कारण जुन्या किल्ल्या कोणाकोणाकडे गेल्यात ते सांगता येत नाही. प्रत्येक मजल्यावर धुराची सूचना देणारा अलार्म, झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि स्वयंपाकघरापासून दहा फुटांच्या आत आग विझवायचं नळकांडं. न्यू जर्सीत अशा घरात नवं कुटुंब राहायला येण्याआधी या तिन्हींचा दाखला गावाकडून घ्यावा लागतो. त्याचा अर्ज पहिल्याच दिवशी करायचा, शेवटच्या नाही.

शेवटी दारचौकट उरते. तिचा रंग शाबूत आहे, म्हणून खरवडायची गरज नाही. ती पुसून वर नवा हात द्यायचा. तुम्ही ब्रश उचलता, तेवढ्यात मावशी त्या रेघांचा फोटो काढते आणि अनामत रकमेच्या पत्रासोबत जुन्या भाडेकरूंना पाठवते.

सराव

१. जुन्या भाडेकरूंना व्याज सोडून किती डॉलर परत मिळतील? रक्कम अक्षरांत लिहा. पैसे कोणत्या तारखेपर्यंत द्यायला हवेत?

२. झीज की नुकसान? कारणासह सांगा: (अ) उन्हानं फिका पडलेला पडदा. (आ) गालिच्यावर इस्त्रीचा डाग. (इ) कुरकुरणारं दार. (ई) भाडेकरूनं न कळवलेल्या गळतीमुळे फुगलेलं लाकूड.

३. पाठातल्या जोड्यांप्रमाणे दुसरं वाक्य लिहा: फांदी मोडली. दिवा विझला. दूध सांडलं. (क्रियापदाचं रूप दर वेळी बदलतंच असं नाही. कुठे बदलत नाही?)

४. 'राहून गेलं', 'विसरायला झालं', 'हातून पडलं' ही वाक्यं 'मी' वापरून पुन्हा लिहा. मग दोन्ही वाक्यं घरात मोठ्या कोणाला तरी म्हणून दाखवा आणि त्यांना काय फरक वाटतो ते विचारा.

५. मावशीच्या वतीनं जुन्या भाडेकरूंना सहा-सात वाक्यांचं पत्र लिहा. त्यांना 'तुम्ही' म्हणा. दाराचे आणि ओट्याचे पैसे का कापले ते सांगा, आणि सिंकबद्दलही एक वाक्य लिहा.